आठव्या दिवशी फाईल उघडा

खुबा मोडला म्हणून आजोबांना दाखल केलं. ऑपरेशन झालं, खुबा जुळला. चौथ्या दिवशी ताप चढला, धाप लागली, एक्स-रेमध्ये फुप्फुस पांढरं दिसलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. नातेवाईक म्हणाले, वय झालं होतं. वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नका. न्यूमोनिया जंतूनं होतो, आणि हा जंतू आजोबांनी घरून आणला नव्हता.

दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर न्यूमोनिया झाला, तर तो रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया. व्याख्या जगभर हीच आहे. व्हेंटिलेटरची नळी घातल्यावर ४८ तासांनंतर झाला, तर तो त्यातला जास्त घातक प्रकार. डिस्चार्ज कार्डावर मात्र बहुतेकदा नुसतं 'न्यूमोनिया' लिहून येतं. कुठे लागला, हे कोण लिहिणार?

मग आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर चर्चा सुरू होते. 'आमच्यांना हाय पॉवरचं चालू केलंय.' 'आमच्यांना मेरोपेनेम.' 'आमच्यांना त्याच्याही वरचं, बाहेरून आणायला लावलंय.' शेजारच्या पेशंटला जास्त महागाचं इंजेक्शन चालू असेल तर आपला डॉक्टर कमी पडतोय की काय, अशी शंका येते. साड्यांच्या दुकानात ठीक आहे. जंतूला किंमत वाचता येत नाही.

कोणतं अँटिबायोटिक सगळ्यात भारी? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मोठमोठ्या चाचण्याही झाल्या आहेत. निकाल बघा.

सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टम विरुद्ध आपलं ओळखीचं मेरोपेनेम. २०१९ साली निकाल आला. ७२६ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर. २८ दिवसांत एका गटातले २४ टक्के दगावले, दुसऱ्यातले २५.३ टक्के. सेफिडेरोकॉल विरुद्ध मेरोपेनेम, चौदा दिवसांचा हिशेब : १२.४ आणि ११.६. लिनेझोलिड विरुद्ध व्हॅन्कोमायसिन, २०१२. लिनेझोलिडनं बरे होणारे थोडे जास्त, मूत्रपिंडाला त्रास कमी. पण साठ दिवसांनी मृत्यू मोजले तर १५.७ आणि १७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. कॅनडा-अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये ७४० रुग्णांवर एक औषध विरुद्ध दोन औषधं असंही करून पाहिलं. एकंदरीत मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

कोट्यवधी डॉलर ओतले आणि सामना बरोबरीत सुटला!

सुटणारच होता. चाचणीची रचनाच तशी असते. नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे, हे सिद्ध करायची अट नसते. जुन्याहून फार वाईट नाही, एवढं दाखवलं की पुरतं. 'फार' म्हणजे किती? या आजारात साधारण १० ते १२ टक्क्यांची सूट धरतात. जुन्या औषधावर शंभरातले वीस दगावत असतील, तर नव्यावर तीस दगावण्याइतका फरक नाही, एवढं आकड्यांनी दाखवायचं.

ती वरची दहा माणसं कुणाच्या घरातली?

नियामकांची बाजूही ऐका. जुनं औषध निकामी झालं तर हाताशी दुसरं काहीतरी हवं, म्हणून ही सूट. मान्य. मग ते दुसरं औषध जुनं चालत नाही अशा रुग्णांवर तपासा ना! पण जंतू दोन्हींपैकी एका औषधाला दाद देत नाही असं आधीच कळलं, तर तो रुग्ण सहसा चाचणीतून वगळला जातो. दोन-तीन दिवसांत जाईल असं वाटणाराही वगळला जातो. उरतात ते मेरोपेनेमनं बरे होऊ शकणारे रुग्ण. आणि त्यांच्यावर सिद्ध काय होतं? की मेरोपेनेम चालतं.

आपल्याकडे ते चालतं का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, दरवर्षी मोठ्या रुग्णालयांतल्या जंतूंचा अहवाल काढते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात घर करणारा असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू घ्या. दहातल्या आठ-नऊ नमुन्यांत तो मेरोपेनेमला जुमानत नाही. क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूची गोष्ट थोडी बरी. तिथे निम्म्याहून जास्त नमुन्यांत मेरोपेनेमसारखी औषधं हरलेली आहेत. याला 'थोडी बरी' म्हणायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

२०१० साली आपण काय केलं होतं, आठवतं? नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या नमुन्यात सापडलेल्या, औषधांना निकामी करणाऱ्या एन्झाइमला शास्त्रज्ञांनी शहराचं नाव दिलं. देशभर संताप उसळला, पर्यटनाची बदनामी झाली म्हणून. नावावर भांडलो तितक्या जोरात जंतूवर भांडलो असतो, तर आज आयसीयूतलं चित्र वेगळं असतं.

आता असिनेटोबॅक्टर निघालेला एक कल्चर रिपोर्ट हातात घ्या. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही, 'आय' म्हणजे अधलं-मधलं. वरून खाली वाचत या : सेफ्ट्रायॅक्झोन आर. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आर. अमिकासिन आर. इमिपेनेम आर. मेरोपेनेम आर. तळाशी कोलिस्टिन, आणि पुढे 'आय'. नातेवाईक विचारतात, निदान इथे तरी 'एस' का नाही? कारण २०२० पासून अमेरिकी प्रमाण-नियमांत कोलिस्टिनपुढे 'एस' लिहायची सोयच उरलेली नाही. या औषधाची हमी देता येत नाही म्हणून तो रकानाच काढून टाकला. शेवटचा आधार म्हणून ज्याच्याकडे बघायचं, त्याला उत्तम शेरा 'आय'!

हे कोलिस्टिन १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापडलं. मूत्रपिंडाला घातक म्हणून मधली कित्येक वर्षं बाजूला पडलं होतं, पर्याय संपले तसं परत आलं. आणि आपण ते कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून चारत होतो. बंदी आली जुलै २०१९ मध्ये. माणसाच्या शेवटच्या आशेवर ब्रॉयलर पोसले गेले.

कोलिस्टिन एकटं अपुरं, म्हणून जोडीला मेरोपेनेम द्यावं का? बऱ्याच ठिकाणी अशी जोडी लावतात. युरोपीय संघाच्या पैशातून इस्रायल, ग्रीस आणि इटलीत ४०६ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. निकाल २०१८ चा. बहुतेकांना असिनेटोबॅक्टर, बहुतेकांना न्यूमोनिया किंवा रक्तात जंतू. उपचार फसण्याचं प्रमाण एकट्या कोलिस्टिनवर ७९ टक्के, जोडीवर ७३. हा फरक ठोस म्हणता येण्याजोगा नव्हता. बिलात मात्र दुसरं औषध ठोस दिसतं.

चाचण्या सगळ्याच वाया गेल्या का? अजिबात नाही. कोणतं औषध देऊ नये, हे त्यांनीच शिकवलं.

टायगेसायक्लिन बघा. प्रयोगशाळेतल्या बशीत उत्तम काम करतं. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियात मात्र बरे होणारे जेमतेम ४८ टक्के, समोरच्या इमिपेनेमचे ७०. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये इशारा दिला, २०१३ मध्ये तोच इशारा काळ्या चौकटीत छापायला लावला. डॅप्टोमायसिनचं तर फुप्फुसात काहीच चालत नाही. फुप्फुसाच्या आतल्या पातळ थरातला पदार्थच त्याला बांधून निकामी करतो. म्हणून रक्तात चाललं, लघवीत चाललं, तर फुप्फुसातही चालेल असं कुणी सांगितलं की पुरावा मागा. मुंबईच्या वोक्हार्टनं शोधलेल्या झिडेबॅक्टम या औषधाचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. कंपनीचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. पण त्याची तिसऱ्या टप्प्यातली मोठी चाचणी मूत्रमार्गाच्या संसर्गावर झाली. फुप्फुसाचा पेपर वेगळा असतो.

एक चाचणी खरोखर आशा लावणारी आहे. सल्बॅक्टम हे जुनंच औषध, आपल्याकडे वर्षानुवर्षं जोडगोळीत विकलं जाणारं. त्याला ड्युर्लोबॅक्टमची साथ दिली आणि कोलिस्टिनसमोर उभं केलं. रुग्ण मेरोपेनेमसारख्या औषधांना न जुमानणाऱ्या असिनेटोबॅक्टरचे, म्हणजे आपल्या आयसीयूत भेटतात तसे. २८ दिवसांत मृत्यू १९ टक्के विरुद्ध ३२ टक्के. मूत्रपिंडाला इजा १३ विरुद्ध ३८. अमेरिकेनं मे २०२३ मध्ये मंजुरी दिली. मुख्य हिशेबात रुग्ण मात्र १२५ च होते. आशा ठेवा, उड्या मारू नका.

आता असा प्रश्न, जो विचारायला कुठलीच औषध कंपनी पैसे देणार नाही. औषध किती दिवस द्यायचं?

कंपनीनं का विचारावं? उत्तर 'कमी दिवस' असं आलं, तर खप निम्म्यावर.

म्हणून हा प्रश्न सरकारी पैशातून विचारला गेला. फ्रान्समधले ५१ आयसीयू, ४०१ रुग्ण, २००३ सालचा निकाल. अर्ध्यांना आठ दिवस अँटिबायोटिक, अर्ध्यांना पंधरा. आठवाल्यांत १८.८ टक्के दगावले, पंधरावाल्यांत १७.२. म्हणजे फरक नाही. ज्यांना न्यूमोनिया उलटला, त्यांच्यात पुढचा भयंकर जंतू कुणाकडे जास्त निघाला? पंधरा दिवसवाल्यांकडे. जास्तीच्या सात दिवसांत बरं कुणीच झालं नाही, जंतू तेवढे तयार झाले.

ते फ्रान्स, इथली गोष्ट वेगळी, असं म्हणणारे डॉक्टर आहेत. त्यांनी नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरची चाचणी वाचावी. २०२४ साली प्रसिद्ध झाली. ४६१ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाचे, आणि जंतू आपल्या ओळखीचेच हट्टी. एका गटात ताप उतरला, रक्तदाब सावरला की औषध बंद. मधला आकडा सहा दिवस. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे, मधला आकडा चौदा दिवस. साठ दिवसांत मृत्यू किंवा न्यूमोनिया उलटणं : ४१ टक्के आणि ४४ टक्के. औषधाचे दुष्परिणाम मात्र ८ टक्के विरुद्ध ३८ टक्के!

हे आकडे परत वाचा. सहा दिवसांत तेच साधलं आणि मूत्रपिंडं वाचली. काठमांडूत जमतं, ते कोल्हापुरात का जमू नये?

दोन अपवाद स्पष्ट सांगायला हवेत. फ्रान्सच्या चाचणीत स्यूडोमोनाससारख्या जंतूंचा न्यूमोनिया आठ दिवसवाल्यांत जास्त वेळा उलटला. आणि डोरिपेनेमचे सात दिवस विरुद्ध इमिपेनेमचे दहा दिवस ही चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण डोरिपेनेमकडे मृत्यू जास्त होत होते. तिथे औषधही बदललं होतं आणि दिवसही, त्यामुळे दोष कुणाचा हे सांगता येत नाही. म्हणून कॅलेंडर बघून डोळे मिटून औषध तोडा, असं कुणी म्हणत नाही. पण कॅलेंडर न बघता डोळे मिटून चालू ठेवा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

आपल्या पुस्तकात तर नाहीच. अमेरिकी तज्ज्ञ संघटनांनी २०१६ मध्ये सात दिवस सांगितले, आयसीएमआरनं २०२२ मध्ये रुग्णालयातल्या न्यूमोनियाला आठ दिवस. नियम आहे, छापलेला आहे, फुकट मिळतो. तरीही चौदा दिवसांचा कोर्स चालूच असतो. का? कारण औषध थांबवल्यावर पेशंट बिघडला तर नातेवाईक डॉक्टरची कॉलर धरतात. औषध चालू असताना मूत्रपिंड गेलं, तर 'नशीब' म्हणतात. आपण डॉक्टरला थांबायला घाबरवतो, आणि ती भीती जंतूच्या पथ्यावर पडते.

आता उलट बाजू. सुरुवात जोरदार करण्यात काही चूक नाही. पेशंट खालावत असेल, रक्तदाब ढासळत असेल, तर पहिला डोस लवकर आणि तगडाच हवा. तिथे कंजुषी केली तर माणूस जातो. चूक होते ती पहिल्या डोसच्या आधी आणि तिसऱ्या दिवसानंतर.

आधी काय व्हायला हवं? कल्चर. फुप्फुसातला बेडका काढून निर्जंतुक डबीत लॅबला जायला हवा. नळीवरचा पेशंट असेल तर सक्शन करतानाच नमुना घेता येतो, पाच मिनिटांचं काम. पण रात्रीचे दोन वाजलेले असतात, लॅब बंद असते, वॉर्डात एक सिस्टर आणि वीस पेशंट. इंजेक्शन जातं, नमुना सकाळी घेतला जातो. तोवर औषधानं अर्धे जंतू मारलेले असतात, आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो : काहीही वाढलं नाही. मग औषध कमी कशाच्या आधारावर करायचं?

करायचंच नाही. चालू ठेवायचं. अशा रीतीनं पहिल्या रात्री चुकलेला नमुना चौदा दिवसांचं बिल होऊन बाहेर येतो.

आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट नीट आला तर? साध्या औषधाला जंतू दाद देतोय असं दिसलं, तर भारी औषध काढून साधं लावायचं. नातेवाईक इथेच अडतात. 'साहेब, औषध हलकं का केलंत? पैशाचा प्रश्न नाही.' पैशाचा प्रश्न नाहीच. तुमच्या पेशंटचा जंतू साध्या औषधालाही दाद देतोय, म्हणून औषध हलकं झालंय. पेढे वाटायचे, की भांडायचं?

प्रत्येक रुग्णालयाकडे आणखी एक कागद असायला हवा : आपल्या वॉर्डांत गेल्या वर्षी कोणते जंतू सापडले आणि कोणती औषधं चालली, त्याचा तक्ता. अँटिबायोग्राम म्हणतात त्याला. त्याच्याशिवाय पहिलं औषध निवडणं म्हणजे निव्वळ अंदाज. परदेशातल्या चाचणीपेक्षा तुमच्या रुग्णालयातला हा एक कागद जास्त उपयोगाचा. लॉबीत धबधबा बांधायला पैसे असतात, मायक्रोबायोलॉजिस्ट नेमायला नसतात. रात्रपाळीचा तर विषयच सोडा. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून बजावलं, की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे नोंदवा. कारण लिहा, एवढं सांगायला महासंचालक लागतात?

हा न्यूमोनिया टाळता येतो का? बराचसा येतो, आणि तोही स्वस्तात. बार्सिलोनात १९९९ मध्ये ८६ रुग्णांवर साधा प्रयोग झाला. व्हेंटिलेटरवरच्या काहींना सपाट झोपवलं, काहींना डोक्याकडची बाजू ४५ अंश उचलून. न्यूमोनियाचा संशय सपाट झोपलेल्यांत ३४ टक्के, उचललेल्यांत ८ टक्के. पलंगाचा दांडा फिरवायचा, बस.

त्याहून सोपं, दात घासणं. तोंडातले जंतूच खाली फुप्फुसात उतरतात. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला. रोज ब्रश केलेल्या रुग्णांत रुग्णालयातला न्यूमोनिया जवळपास एक तृतीयांशानं कमी, व्हेंटिलेटरवरच्यांना फायदा सगळ्यात ठळक. आपल्याकडे पेशंटच्या पिशवीत नारळपाणी असतं, बिस्किटं असतात, अंगारा असतो. ब्रश घरीच राहतो. वॉर्डातल्या मामांना तो आणायला सांगावं, हे कुणाला सुचत नाही आणि सिस्टरला आठवण करायला वेळ नसतो. औषधाच्या एका बाटलीच्या किमतीत सगळ्या वॉर्डाला ब्रश येतील.

तेव्हा तुमचं माणूस आत असेल तर कोणतं औषध चालू आहे, हे विचारून थांबू नका. पहिल्या डोसच्या आधी कल्चर घेतलं का, विचारा. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट मागा आणि औषध हलकं करता येईल का, तेही विचारा. पलंगाची बाजू उचललेली आहे का, स्वतः बघा. पेशंट शुद्धीत असेल तर दात घासून घ्या, नळी असेल तर सिस्टरना विनंती करा. औषध स्वतःच्या मनानं बंद करायला मुळीच लावू नका, तो निर्णय डॉक्टरांचा. पण आठव्या दिवशी सकाळी राउंडच्या वेळी हजर राहा आणि हात जोडून, आवाज न चढवता विचारा : डॉक्टर, ताप उतरलाय, अँटिबायोटिक आज बंद करता येईल का? नाही म्हणाले, तर कारण विचारा आणि ते फाईलमध्ये लिहून द्यायची विनंती करा. तो तुमचा हक्क आहे.